मामाजींच्या पिशवीची खोळ

आधी हातातला कप खाली ठेवा. हो, ठेवाच! मागच्या वेळी हा किस्सा सांगताना आमच्या शेजारणीनं हसता हसता अर्धा चहा स्वतःच्या मांडीवर ओतून घेतला, आणि वर बोल मला लावला. तसाही मांडी ओली होण्याचा या किस्स्याशी फार जवळचा संबंध आहे. पण ते पुढं येईल.

तर माझ्या हातून एक घोटाळा झाला. साधासुधा नाही हो! सासऱ्यांना गाडीत घालून चाळीस किलोमीटर यवतमाळला पळवत नेलं. अर्धी आळी फाटकापाशी गोळा झाली. नणंदबाईंनी रडून डोळे सुजवले. आणि शेवटी निघालं काय? थांबा, सांगते.

मी वेंधळी नाही, हे आधीच सांगून ठेवते. उलट नको इतकी जपणारी. परी, माझी पोरगी, सव्वा वर्षाची. ती शिंकली की मी तिचं कपाळ बघते. शिंकली नाही तर नाकापाशी बोट धरून श्वास बघते! आमचे हे म्हणतात, "तुह्यासारखी माय असल्यावर पोट्टीले आजारी पडाले फुरसतच भेटत नाई."

आता अशा बाईच्या हाती घरातला आजारी माणूस सोपवला तर काय होईल? तेच झालं.

आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी ग्रंथी असते, ती. मला आधी कुठं ठाऊक होतं? आता झोपेतून उठवून विचारा, चित्र काढून दाखवीन!

दोन वर्षं मामाजींनी त्रास लपवला. वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आडोशाला गेले की इतका वेळ लागायचा, की इकडं बैलजोडी वाट बघून खाली बसायची. तरी विचारलं की ठरलेलं उत्तर, "मी बरा हाओ." ताप असला तरी बरा हाओ, पायात काटा मोडला तरी बरा हाओ. त्यामुळं आमच्या घरात या दोन शब्दांवर कोणाचाच विश्वास उरला नव्हता. हे ध्यानात ठेवा, पुढं कामी येईल.

नशीब चांगलं, आजार बाहेर पसरायच्या आत सापडला. यवतमाळला ऑपरेशन झालं. ग्रंथी काढली, आतला जोड भरून येईपर्यंत लघवीची नळी लावली आणि दोन आठवडे नळीसकट घरी राहा म्हणाले.

पण नळी सांभाळणार कोण? सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. यांनी दवाखान्यात ती लघवीची पिशवी बघितली, आणि पहिल्या दिवशी त्यात लालसर पाणी असतंच की, तर हे भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. सिस्टरला आधी यांनाच पाणी पाजावं लागलं.

नेरच्या मंगलाताई, माझ्या मोठ्या नणंदबाई, तिथंच बोलल्या, "बाबाले मी नेरले नेतो. ज्योतीच्यानं हे होनार नाई. सातवी शिकली, लेकरू लहान, अन् जरा कुठं काई झालं की घाबरते. अन् सासऱ्याची असली सेवा सून करत असते का?"

तेही खरंच होतं. आमच्याकडं सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि सांगायचं ते पोरीच्या मार्फत. "परी, आजोबाले सांग, चहा झाला." मामाजीही तसेच. "परे, तुह्या मायले सांग, साखर कमी टाकत जाय." परीला अजून 'बाबा' आणि 'म्याऊ' याच्या पुढं बोलता येत नाही, पण घरातला अर्धा कारभार तिच्या नावानं चालतो.

तर त्या दिवशी मामाजी भिंतीकडं बघत म्हणाले, "परे, तुह्या मायले विचार, जमन का म्हना."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पदर पुढं ओढला. पण तोंडातून निघून गेलं, "परी, आजोबाले सांग, जमन."

बोलले खरी! आता निभवायला नको?

मग सिस्टरनं मला शिकवलं. उंच, काळीसावळी, खणखणीत आवाजाची बाई. नवी कोरी नळी हातात घेऊन दाखवायला लागली. नळीच्या आतल्या टोकाला एक फुगा असतो. हो, फुगा! नळी आत गेली की बाहेरून सिरिंजनं त्यात पाणी भरतात. तो लहानशा लिंबाएवढा फुगतो, आणि म्हणून नळी निसटून बाहेर येत नाही. मी बघतच राहिले. किती डोकं लावलंय बघा! बाहेरच्या टोकाला दोन तोंडं. एकातून लघवी पिशवीत येते. दुसरं फुग्याचं, त्याला हात लावायचा नाही. पिशवीच्या तोंडाशी आतून एक पडदा, म्हणजे गेलेली लघवी उलटी फिरत नाही. पिशवीवर आकडे छापलेले, आणि खाली रिकामी करायला तोटी.

"पिशवी कमरेच्या खालीच लटकवायची, पण जमिनीवर टेकवायची नाही," सिस्टर म्हणाली. "नळीला पीळ नको. पाणी भरपूर. दर चार तासांनी रिकामी करून किती झाली ते लिहायचं. आणि एकदम थांबली, तर वाट बघत बसायचं नाही, सरळ इकडं यायचं."

मी सगळं वहीत लिहून घेतलं. घरी आल्यावर चोख केलं हो! हात साबणानं धुवून, रुमाल बांधून. दोनशे, साडेतीनशे, चारशे. वेळ, आकडा, रंग. रंगासाठी माझे शब्द मी ठरवले होते: 'कोऱ्या चहासारखा', 'लिंबूसरबतासारखा', 'पाण्यासारखा'. पाचव्या दिवशी वही बघून आशाताई म्हणाल्या, "माह्या रजिस्टरपेक्षा तुही वही भारी हाये वं." घरोघर आरोग्य बघत फिरणाऱ्या आमच्या गावच्या आशाताई म्हणजे सहजासहजी कौतुक करणारी बाई नाही. मी दोन दिवस हवेत होते.

पण माझी खरी कमाई होती ती खोळ.

झालं काय, मामाजींना भेटायला माणसं यायची, आणि पिशवी अशी उघडी लटकलेली. मामाजी शरमेनं धोतराचा सोगा तिच्यावर ओढत राहायचे. मला बघवेना. माझ्या साखरपुड्याचा एक जरीकाठी ब्लाउजपीस पडून होता. त्याला आतून जुन्या चादरीचं दुहेरी अस्तर लावलं, वर नाडी, काठाला लेस, आणि खाली तोटीच्या नळीला बाहेर यायला शर्टाच्या काजासारखं भोक. पिशवी आत घातली की काही म्हणता काही दिसत नाही. एका म्हातारबुवांनी तर ती जपमाळेची पिशवी समजून हात जोडले! मामाजी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मिशीत हसले.

आता खाटेचं सांगते, कारण सगळी मेख तिथं आहे. दिवस कापूस वेचणीचे. या दिवसांत आमच्याकडच्या घरांत माणसांनी राहायचं ते कापसाच्या परवानगीनं. समोरची खोली अर्धी कापसानं भरलेली, भिंतीपासून आढ्याजवळ गेलेली. उरलेल्या अर्ध्या भागात मामाजींची खाट, कापसाला अगदी चिकटून. पाहुणे दाराच्या बाजूनं बसत. म्हणून मी खोळ लावायची ती पलीकडच्या, कापसाच्या बाजूनं. कमरेच्या खाली? खाली. जमिनीवर टेकली? नाही टेकली. खाली मऊ मऊ कापूस! मला वाटलं, अशी व्यवस्था यवतमाळच्या दवाखान्यातही नसेल.

खरंच नव्हती.

नवव्या दिवशी सकाळी आठ वाजता मी पिशवी रिकामी केली. चारशे, लिंबूसरबत. तोटीचं टोक पुसायला कापसाचा बोळा घेतला, तेवढ्यात बाहेरून आवाज, "ज्योती! कुठी हायस वं?" मंगलाताई! न सांगता, पहिल्या बसनं, नेरहून! तपासणीलाच आल्या होत्या दुसरं काय. तिकडून परी चुलीकडं रांगत निघाली. मी पिशवी खोळीत घातली, नाडी ओढली, खोळ अडकवली, एका हातानं परीला उचललं, दुसऱ्या हातानं पदर सावरला आणि ताईंच्या पाया पडले.

या सगळ्यात एक गोष्ट राहिली. तुम्हाला कळली ना? मला नाही कळली हो! हाच तर किस्सा आहे.

ताई आल्याची वर्दी लागताच आळीतल्या चार बायका आल्या. मी उदबत्ती लावली, चहा टाकला, आणि ताईंनी विचारायचीच खोटी, मी सुरू झाले. फुगा कसा फुगतो, दोन तोंडं कशाला, पडदा कुठं. हातातल्या वांग्याला देठाकडून धरून फुगा दाखवला. बायका तोंडावर पदर घेऊन हसत होत्या, पण ऐकत होत्या. मध्ये मध्ये माझं चालूच, "परी, आजोबाले सांग, पाणी प्या." मामाजी बिचारे ग्लासावर ग्लास रिचवत होते.

ताई वांग्याकडं एकटक बघत होत्या. मनातून मी म्हटलं, बघा, सातवी शिकलेली!

अकरा वाजता ताई म्हणाल्या, "एवढं पानी पाजून राह्यली, पाहू तं कितीक झाली."

मी ऐटीत उठले. खोळीची नाडी सोडली.

पिशवी रिकामी. कोरी. एक थेंब नाही!

तीन तास, सहा ग्लास पाणी, आणि शून्य? नळीला पीळ बघितला, नाही. कुठं दबली का बघितलं, नाही. सिस्टरचा आवाज आठवला, एकदम थांबली तर वाट बघत बसायचं नाही.

"परी, आजोबाले विचार, पोट दुखते का?"

"परे, सांग तुह्या मायले, मी बरा हाओ."

झालं! मामाजी 'बरा हाओ' म्हणाले म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर! मी वर आणखी दोन ग्लास पाणी पाजलं. मला वाटलं, जोरानं आलं तर नळी मोकळी होईल. अर्धा तास डोळ्यांत तेल घालून पिशवीकडं बघत बसले. शून्य.

मग मात्र मला राहवलं नाही. लग्नाला चार वर्षं झाली, पहिल्यांदा मी मामाजींच्या तोंडासमोर उभी राहून ओरडले, "मामाजी, खरं सांगा! लपवू नका! दुखून राह्यलं ना?"

मामाजी दचकले. परीकडं बघायचंही विसरले. "नाई बाप्पा! खरंच बरा हाओ मी!"

ताईंनी तिकडं गळा काढला, "माह्या बाबाचं काय केलं वं! म्या पयलेच म्हनलं होतं!"

हे वावरात हरभऱ्याला पाणी देत होते, फोन लागेना. शेवटी मी परीला कडेवर घेतलं आणि रशीदभाईंकडं पळाले. रस्त्याच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज, आणि त्यांची एक व्हॅन. ट्रॅक्टरच्या खालून नुसते पाय दिसत होते. त्या पायांनाच मी सगळं सांगितलं.

पाय म्हणाले, "भाभी, टेन्शन नको घेऊ. दोन मिनटांत आलो."

मामाजींना मागच्या सीटवर बसवलं, शेजारी ताई. आणि मी? पिशवी कमरेच्या खाली पाहिजे ना! म्हणून मी मामाजींच्या पायाशी गाडीच्या तळाला मांडी घालून बसले, मांडीवर परी, आणि परीच्या बाजूला दोन्ही हातांनी धरलेली खोळ. फाटकापाशी अर्धी आळी उभी. कोणी म्हणे देवाचं नाव घ्या, कोणी म्हणे पाणी पाजा. मामाजी खिडकीतून हात हलवून सांगत होते, "मी बरा हाओ, मी बरा हाओ." बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

आमच्या तालुक्याची घाटंजी मागं पडली आणि माझी मांडी ओली झाली.

"परे!" मी म्हटलं, "याच वेळी का वं?" चालत्या गाडीत, खड्डे चुकवत, तिचा लंगोट बदलला. दहा मिनिटांत परत ओली! दुसरा बदलला. पोरगी माझ्याकडं अशी बघत होती, जणू तिच्यावर भर पंचायतीत खोटा आळ घेतलाय. मी तिच्यावर चिडले. आजोबा तिकडं अडून बसलेत, आणि नात इकडं धरण फोडून बसली!

रशीदभाई आरशातून म्हणाले, "भाभी, एक बात बोलू? इंजिनमधे वरून तेल टाकलं, अन् खाली मापात दिसत नाई, तं ते नेहमी जाम नसते. कधी कधी लीक असते."

मी म्हटलं, "रशीदभाई, हे माणसाचं शरीर हाये, तुमचं ट्रॅक्टर नाई!"

"बरोबर हाये, बरोबर हाये," म्हणून त्यांनी गाडी दामटली. भला माणूस.

दवाखान्याच्या दारात मी अशी उतरले की कमरेखाली सगळी साडी ओली, एका हातात परी, एका हातात जरीची खोळ, मागं मामाजी, त्यांच्या मागं रडणाऱ्या ताई. "सिस्टर! लघवी बंद! साडेचार तास झाले! आठ ग्लास पाणी पाजलं!"

तीच उंच सिस्टर. तिनं मामाजींना खाटेवर निजवलं, पोट दाबून बघितलं. मऊ. "काका, दुखतंय?"

"मी केव्हाचा सांगून राह्यलो," मामाजी म्हणाले, "पन माहं कोन ऐकते?"

सिस्टरनं खोळ हातात घेतली. उलटसुलट केली. मला क्षणभर वाटलं, शिवणकामाचं कौतुक करते. तिनं खोळ थोडी वर उचलली, आणि काजातून बाहेर आलेल्या नळीच्या टोकातून माझ्या डोळ्यांदेखत थेंब पडला. टप्प. मग आणखी एक. टप्प.

"बाई," सिस्टर म्हणाली, "ही तोटी बंद कोणी करायची? मी येऊ का घाटंजीला?"

तुम्हाला काय सांगू! जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं म्हणतात ना? मी तर वाट बघत होते, दुभंगते का म्हणून. खालची फरशी काही सरकेना.

मी हळूच परीच्या लंगोटात हात घातला. कोरडा ठण्ण. आधीचे दोन्ही लंगोट थैलीतून काढून बघितले. बाहेरून ओले, आतून कोरडे! पोरगी बिचारी सबंध रस्ताभर निर्दोष होती.

दारातून रशीदभाई बघत होते. नुसते वर छताकडं बघून खोकले.

पण सिस्टरचं डोकं अजून चालूच होतं. "एक सांगा, घरी तीन-साडेतीन तास तोटी उघडी होती. मग घरात पाणी वाहायला पाहिजे. खाली ओलं नाही दिसलं?"

"नाई ना!" मी म्हटलं. "जमीन कोरडी होती. ताई, होती ना?"

"कोरडीच होती," ताई म्हणाल्या.

"मग गेली कुठं?"

आम्ही तिघं एकमेकांकडं बघायला लागलो. शेतकरी माणसाला आधी उमगलं. मामाजींनी डोळे मोठे केले.

"कापूस!"

मग काय, सिस्टर जी हसायला लागली ती खुर्चीवरच बसली. बाजूच्या खाटेवरचा टाके घातलेला माणूस पोट धरून ओरडला, "मले हसवू नका हो, टाके तुटतीन!" डॉक्टर आले, त्यांनी तपासलं. नळी मोकळी, रंग स्वच्छ, सगळं झकास. "एवढं पाणी पाजता म्हणूनच इतकं छान चाललंय," म्हणाले. सिस्टरनं माझी वही त्यांना दाखवली. त्यांनी पानं उलटली. 'लिंबूसरबत' वाचून थांबले, हसले, आणि म्हणाले, "अशी नोंद आमच्याकडं राहत नाही. मला याचा फोटो काढू द्या."

मी खाली मान घालून उभी. कौतुक ऐकायला कान तयार होते, पण तोंड वर करायची हिंमत नव्हती.

ताईंनी मात्र पदर खोचला. "वही गेली वावरात! आता मी ऐकनार नाई. बाबा, चाला, इथूनच नेरले जाऊ. आज तोटी विसरली, उद्या काई दुसरं विसरन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चूक माझी होती. 'जमन' असं मीच म्हटलं होतं, आणि जमलं नव्हतं. मी परीला छातीशी धरलं आणि मामाजींच्या पायांकडं बघत राहिले.

मामाजींनी ओली खोळ उचलली, पिळून घेतली, लेस सरळ केली.

"मंगले," ते म्हणाले, "तुह्या घरी चकचकीत फरशी हाये. तिथं माही लघवी सांडली असती तं तुह्या सासरच्यासमोर माही अब्रू सांडली असती. सूनबाईच्या घरी कापूस हाये. गवगवा न करता सारं पोटात घेते." मग पहिल्यांदाच, परीकडं न बघता, सरळ माझ्याकडं बघून म्हणाले, "चाल सूनबाई. घरी जाऊ."

आता सांगा, अशा वेळी माणसानं रडावं की हसावं? मी दोन्ही केलं. ताईंनीसुद्धा नाक पुसत पुसत परीला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाल्या, "दे इकडं. तू पिशवी पकड. तोटी पाह्य आधी!"

घरी येऊन यांनी फावड्यानं कापूस उकरला. टोपलंभर निघाला, लोण्यासारखा दबलेला. दोन दिवस यांच्या तोंडावर हसू, आणि माझ्या हातात तोटी. मी दिवसातून पन्नास वेळा बघायची. बंद. पुन्हा बघायची. बंदच.

पाच दिवसांनी नळी काढायला गेलो. ताई मुद्दाम नेरहून आल्या. मी पडद्याबाहेर परीला मांडीवर घेऊन बसले होते. आत सिस्टरनं सिरिंजनं फुग्यातलं पाणी ओढून घेतलं, आणि नळी अलगद बाहेर आली. मामाजी पडद्यामागून आले ते दोन्ही हात मोकळे टाकत, नवरदेवासारखे ताठ. आता काही दिवस थेंब थेंब गळणार, त्याला पॅड लावायचं, आणि आवळून धरायचा व्यायाम दिवसातून तीनदा करायचा, सगळं सिस्टरनं सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं. रिपोर्टही चांगला होता. मामाजी माझ्या शेजारच्या बाकावर बसले.

तेवढ्यात राळेगावकडची एक सून आली. तिच्याही सासऱ्यांना नळी लावून घरी पाठवायचं होतं. पोरगी माझ्याच वयाची, घाबरून पांढरी पडलेली. सिस्टर तिला म्हणाली, "मी काय सांगू? या बाईंना विचार. यांच्याएवढं मलाही येत नाही."

काय वाटलं म्हणून सांगू! मी पदर सावरला आणि सुरू झाले. फुगा, दोन तोंडं, पडदा, पीळ, पाणी. हॉलमधली सगळी माणसं ऐकायला लागली. टाके घातलेला तो माणूससुद्धा उठून बसला. ताई, आमच्या मंगलाताई, शेजारच्या बाईला अभिमानानं सांगत होत्या, "माही भावजय हाये." मी आवाज चढवला, बोट वर केलं. "अन् सगळ्यात मोठी गोष्ट ऐक. बाकी सारं विसरलीस तरी चालन, पन एक गोष्ट..."

आणि माझी मांडी ओली झाली. गरम गरम.

मी परीसकट तीनताड उडाले. "तोटी! सिस्टर, धावा! मामाजी, तोटी उघडी राहिली!" म्हणत मामाजींच्या पायाशी बसून मी बाकाखाली पिशवी शोधायला लागले. पिशवी सापडेना. नळी सापडेना.

वरून मामाजींचा आवाज आला, अगदी शांत.

"परे, तुह्या मायले सांग, माही नळी निंगून अर्धा तास झाला. या खेपेले मांडी तूच ओली केली म्हना."